पेंड वाढवली, दूध तिथंच: म्हशीच्या खुराकात नेमकं काय कमी पडतंय?

कडबाकुट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोठ्यात ६ मुऱ्हा म्हशी दुधात आहेत, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या. छातीच्या मापावरून वजन काढलं तर सरासरी ५५० किलो भरतं. व्यायला दोन-तीन महिने झालेत. दिवसाचं दूध सरासरी ८ किलो, फॅट ७ टक्के.

या म्हशींनी याहून जास्त द्यायला हवं असं मनात होतं, म्हणून महिन्यापूर्वी शेंगदाणा पेंड २ किलोवरून ३ किलोवर नेली. पहिले चार-पाच दिवस पाव किलो दूध वाढलं, मग पुन्हा होतं तिथं आलं.

सध्या एका म्हशीला दिवसभरात: संकरित नेपियर २० किलो, कडबाकुट्टी ५ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो. शिवाय खनिज मिश्रण आणि मीठ.

पेंड वाढवल्यापासून शेण पातळ झालंय. आधी गव्हाण चाटूनपुसून साफ व्हायची, आता किलोभर कडबा उरतो. पहाटे गोठ्यात शिरलं की मुताच्या वासानं डोळे चुरचुरतात. दोन म्हशी दोनदा भरवूनही उलटल्या, गाभण राहिल्या नाहीत. आणि सगळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्यात, याचा मला जास्त घोर लागलाय. एवढं पौष्टिक खाऊन जनावर उतरतंय कसं?

पेंड आणखी अर्धा किलो वाढवू, की चुकतोय कुठंतरी?

जुनादूधवाला

शेंगदाणा पेंड गरम पडते. निम्मी सरकी पेंड करा, फॅटही चढेल. बाकी पेंडीशिवाय म्हैस दूध देत नाही हे माझं चाळीस वर्षांचं मत आहे.

पान्हा

आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. वाचतेय.

कोठीपोट

पशुआहार हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून सविस्तर लिहायची इच्छा आहे. त्याआधी दोन प्रश्न. नेपियर किती दिवसांचा कापता? आणि दुधातल्या युरियाची तपासणी कधी केली आहे का?

कडबाकुट्टी

नेपियर ७०-७५ दिवसांचा, पुरुषभर उंच होतो तेव्हा कापतो. वजन जास्त मिळतं. युरियाची तपासणी केलेली नाही. नमुना पाठवतो.

कोठीपोट

चालेल, तोवर हिशोब करू. वाचायला वेळ लागेल, पण वही घेऊन बसा.

आधी ते ८ किलो दूध म्हणजे म्हशीसाठी किती मोठं काम आहे ते पाहा. ७ फॅट, ४.२ प्रथिनांच्या १ किलो दुधात सुमारे १.०८ मेगाकॅलरी ऊर्जा असते. गाईच्या ४ फॅटच्या दुधात सुमारे ०.७४. गेन्सचं जुनं सूत्र आहे: दूध गुणिले ०.४, अधिक फॅटचं वजन गुणिले १५. त्यानं तुमचं ८ किलो म्हणजे ४ फॅटचं ११.६ किलो होतं. म्हणजे तुमच्या म्हशी कमी देत नाहीयेत. आपण लिटर मोजतो आणि तिची कास मात्र तूप बनवत असते.

आता गरज. ५५० किलोच्या म्हशीला नुसतं उभं राहायला, श्वास घ्यायला, चालायला सुमारे ४ किलो टीडीएन (एकूण पचनीय अन्नघटक) लागतं. ७ फॅटच्या प्रत्येक किलो दुधाला सुमारे ४५० ग्रॅम. ८ किलो दुधाचे ३.६. एकूण ७.६ किलो. कच्ची प्रथिनं एकूण १२५० ते १३०० ग्रॅम. ही मापं मुळात गाईंवरच्या कामातून आली आहेत, त्यामुळे ती सोन्याच्या तराजूसारखी नाही, दोरीच्या मापासारखी वापरायची.

पेंड वाढवण्याआधी तुम्ही काय देत होता? सगळं कोरड्या वजनात:

नेपियर २० किलो. पाणी वजा जाता ३.६ किलो. जून झालेला म्हणून प्रथिनं ८ टक्केच धरली. टीडीएन १.८७ किलो.
कडबा ५ किलो. कोरडा ४.५, प्रथिनं ४ टक्के, टीडीएन २.२५.
कोंडा २ किलो. कोरडा १.८, प्रथिनं १५ टक्के, टीडीएन १.२२.
शेंगदाणा पेंड २ किलो. कोरडी १.८५, प्रथिनं ४५ टक्के, टीडीएन १.३५.

बेरीज: कोरडं खाद्य पावणेबारा किलो, टीडीएन ६.७, प्रथिनं १५७० ग्रॅम.

म्हणजे प्रथिनं तेव्हाच गरजेपेक्षा जास्त होती आणि ऊर्जा रोज ९०० ग्रॅम टीडीएननं कमी पडत होती. त्यात तुम्ही पेंड वाढवली, तिनं किलोभर कडबा सोडला. आजचा हिशोब: टीडीएन ६.९, प्रथिनं १९५० ग्रॅम. ऊर्जेचा खड्डा जवळपास तसाच राहिला आणि प्रथिनांचा ढीग वाढला.

बरगड्यांचं उत्तर यात आहे. दुधाला कमी पडणारी ऊर्जा ती स्वतःच्या पाठीवरून, पुठ्ठ्यावरून काढतेय.

प्रश्नचिन्ह

थांबा, एक कळलं नाही. जास्तीची प्रथिनं शरीर ऊर्जेसाठी जाळू शकतंच ना? मग ती वाया कशी गेली?

कोठीपोट

जाळतं, पण त्याची किंमत मोजून. म्हैस थेट पेंड पचवत नाही. आधी तिच्या कोठीपोटातले (पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले) सूक्ष्मजीव पचवतात. पेंडीतल्या प्रथिनांचा मोठा भाग तिथं फुटून अमोनिया होतो. त्या अमोनियापासून सूक्ष्मजीव स्वतःचं अंग बनवतात, आणि तेच पुढे आतड्यात जाऊन म्हशीचं उत्तम प्रथिन ठरतात. मात्र अंग बनवायला त्यांना त्याच वेळी ऊर्जा हवी: पिष्ट, साखर, पचणारा तंतू. १ किलो टीडीएनमागे साधारण १३० ग्रॅम सूक्ष्मजीव-प्रथिन तयार होतं. त्यासाठी कोठीपोटात फुटणारं प्रथिन त्याच्या १.१८ पट लागतं.

तुमच्या ६.९ किलो टीडीएनवर सुमारे ९०० ग्रॅम सूक्ष्मजीव-प्रथिन बनेल आणि त्याला १०६० ग्रॅम फुटणारं प्रथिन पुरतं. तुमच्या खुराकात ते जवळजवळ १३५० ग्रॅम आहे, कारण शेंगदाणा पेंड लवकर फुटते. उरलेल्या जवळपास ३०० ग्रॅमचा अमोनिया कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातो. तो विषारी असतो, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं, आणि त्या कामालाही ऊर्जा जळते. युरिया लघवीतून बाहेर पडला की गोठ्यातल्या शेणातले जिवाणू त्याचा पुन्हा अमोनिया करतात. पहाटे तुमच्या डोळ्यांना चुरचुरतं ते तुम्हीच विकत आणलेलं प्रथिन आहे.

म्हशीचं एक कौतुक इथं करायला हवं. रक्तातला थोडा युरिया ती लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत पोटात आणते आणि पुन्हा वापरते. निकस, भरड वैरणीवर तगण्याचं बळ तिला यातूनही मिळतं. पण ही परतफेड टंचाईत कामाची आहे. पेंडीचा पूर आल्यावर ती काय करणार?

नायट्रोजनच्या भाषेत सांगतो. दुधात रोज ३३६ ग्रॅम प्रथिन, म्हणजे सुमारे ५३ ग्रॅम नायट्रोजन. आधी खाद्यातून २५१ ग्रॅम नायट्रोजन जात होता, त्यातला २१ टक्के दुधात यायचा. आज ३१२ ग्रॅम जातो आणि १७ टक्केच येतो.

जुनादूधवाला

डॉक्टर, तुमचं गणित पटतंय. पण मग आमच्या बापजाद्यांनी पेंड घातली की दूध वाढायचं, ते खोटं होतं का?

कोठीपोट

अजिबात खोटं नव्हतं, काका. नुसता कडबा आणि पेंढा खाणाऱ्या जनावराच्या पोटात अमोनियाच कमी असतो. सूक्ष्मजीव उपाशी, म्हणून तंतूही पचत नाही. तिथं किलोभर पेंड पडली की सगळी वैरणच जास्त पचायला लागते आणि दूध चढतं. त्या गोठ्यात प्रथिन कमी होतं, कडबाकुट्टी यांच्या गोठ्यात ऊर्जा कमी आहे. उणीव कशाची आहे ते ओळखून तेच भरायचं.

दुभतीगोठा

मग बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे आतड्यात पचणारी चरबी) सुरू करा की. ऊर्जाच हवी ना? मी १५० ग्रॅम देतो, फॅट चांगला लागतो.

कोठीपोट

फॅटमधली ऊर्जा म्हशीला मिळते, सूक्ष्मजीवांना मिळत नाही. कोठीपोटात तेल-चरबी आंबत नाही. त्यामुळे बायपास फॅटनं अंगाची झीज थोडी थांबेल, पण वाया जाणारा अमोनिया पकडला जाणार नाही. तो पकडायला मक्यासारख्या धान्याचा भरडा लागतो. आणि साधं तेल ओतायचा मोह कुणी करू नका. खुराकातली एकूण चरबी कोरड्या वजनाच्या ६-७ टक्क्यांवर गेली की तंतू पचवणारे जिवाणू दबतात आणि वैरण शेणातून तशीच बाहेर येते.

कडबाकुट्टी

खूप आभार. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुधाचा अहवालही आलाय: युरिया ४२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

दुभतीगोठा

बापरे, ४२? मी तर वाचलंय १६ च्या वर जाऊ नये.

कोठीपोट

दोन वेगळी मापं आहेत, घाबरू नका. काही ठिकाणी पूर्ण युरिया कळवतात, काही ठिकाणी फक्त त्यातला नायट्रोजन, म्हणजे एमयूएन. युरियाला २.१४ नं भागलं की एमयूएन मिळतो. ४२ म्हणजे १९.६. गाईंसाठी साधारण १० ते १६ चांगला धरतात, म्हशीत तो थोडा वर राहू शकतो. १९.६ जास्तच आहे आणि आपल्या हिशोबाशी जुळतो. रक्तात इतका युरिया असताना गर्भाशयातलं वातावरणही बिघडतं. म्हशी उलटण्यामागे हे एक कारण असू शकतं. मात्र अंग उतरणं हे त्याहून मोठं कारण मला वाटतं. पशुवैद्याकडून गर्भाशय तपासून घ्याच.

माझा सल्ला: वैरण सोडून पेंड-कोंड्याचं वजन ५ किलोच ठेवा, आतला माल बदला. शेंगदाणा पेंड १ किलो, सरकी पेंड अर्धा किलो (काकांचं म्हणणं इथं बरोबर आहे, तिचं प्रथिन कोठीपोटात जरा जास्त टिकतं), कोंडा १ किलो, मक्याचा भरडा २.५ किलो. मका अख्खा घालू नका, दाणे शेणात दिसतील. पीठही करू नका, भरडच ठेवा. आणि नेपियर ४५-५० दिवसांनी कापा. वजन कमी मिळालं तरी पोटात पचणारं जास्त जातं. मला विचाराल तर या सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे.

पान्हा

भरड्याबद्दल कळकळीनं सांगते. एकदम देऊ नका. आमची एक म्हैस रात्री दावं तोडून मक्याच्या पोत्यापाशी गेली. सकाळी पोट तट्ट फुगलेलं, रवंथ बंद, उभी राहीना. पशुवैद्य वेळेवर आले म्हणून वाचली, पण त्या वेतात पुन्हा दुधावर आली नाही. चांगली म्हैस होती. अजून आठवण आली की वाईट वाटतं.

कोठीपोट

पान्हाताईंचं म्हणणं प्रत्येकानं लिहून ठेवा. पिष्ट झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं आणि कोठीपोटाचा सामू (पीएच) ६ च्या खाली राहू लागला की तंतूचं पचन मंदावतं, फॅटही पडतो. अर्ध्या किलोपासून सुरुवात करा, दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. दिवसातून तीन वेळा विभागून द्या. आधी वैरण, मग आंबोण (पेंड-भरडा).

प्रश्नचिन्ह

माझी एक म्हैस १४ किलो देते. तिलाही हेच प्रमाण चालेल का? आणि युरिया प्रक्रिया केलेला पेंढा?

कोठीपोट

नाही. १४ किलोच्या म्हशीला १०.३ किलो टीडीएन लागतं, आणि तिच्या पोटातले सूक्ष्मजीव पूर्ण जोमात असले तरी त्यांचं प्रथिन तिला पुरत नाही. तिथं कोठीपोटात न फुटता पुढे जाणारं बायपास प्रथिन खरंच उपयोगी पडतं: सरकी पेंड, मक्याचं ग्लुटेन, प्रक्रिया केलेली पेंड. ८ किलोवाल्या म्हशीला ते देणं म्हणजे भरल्या हंड्यात पाणी.

युरिया प्रक्रिया (१०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, पाण्यात पूर्ण विरघळवून, २१ दिवस हवाबंद) चांगलीच आहे, पण वैरण निकस आणि पेंड कमी असेल तिथं. या धाग्यातल्या गोठ्यात अमोनिया आधीच उतू चाललाय. कोरडा युरिया जनावराच्या तोंडी जाईल अशा ठिकाणी कधीही ठेवू नका, त्यानं जनावर तासाभरात जाऊ शकतं.

कडबाकुट्टी (५ आठवड्यांनंतर)

मंडळी, सविस्तर सांगायला आलोय. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. भरड्यावर यायला १५ दिवस घेतले. नेपियर आता ४८ दिवसांचा, म्हशी २५ किलो सहज संपवतात. कडबा साडेचार किलो खातात, गव्हाण पुन्हा साफ.

दूध ८ वरून ८.६ किलो, फॅट ७ च. मोठी उडी नाही, पण व्यायल्याला चार महिने होत आले, म्हणजे दूध उतरायचे दिवस असताना वाढलंय. शेण घट्ट, वर वळ्या दिसतात. डोळे चुरचुरणं थांबलं. दुधातला युरिया २८, म्हणजे एमयूएन १३. प्रथिनं आता १४६६ ग्रॅम जातात, माझ्या गणितानं नायट्रोजनचा २४ टक्के भाग दुधात येतोय. उलटलेल्या दोघींपैकी एक पुन्हा माजावर आली, भरवली आहे. दिवस गेले का ते तपासल्यावरच लिहीन.

एक गोष्ट मात्र खटकते. ४ फॅटच्या हिशोबात आधी ११.६ किलो दूध पावणेबारा किलो कोरड्या खाद्यावर येत होतं, म्हणजे किलोला ०.९९. आता १२.५ किलो दूध १३ किलोवर, म्हणजे ०.९६. कार्यक्षमता कमी झाली?

कोठीपोट

इतकी बारीक नोंद ठेवलीत, मन भरून आलं. आधीच्या ०.९९ मध्ये म्हशीच्या पाठीवरची चरबी धरलेली नव्हती. खाद्य मोजलं, दूध मोजलं, पण तिनं अंगातून रोज किती काढून दिलं ते वहीत आलंच नाही. आता ती खाल्लेल्यावर देतेय. नुसतं दूध भागिले खाद्य बघणाऱ्याला उपाशी म्हैस नेहमी कार्यक्षम दिसते. म्हणून या आकड्याशेजारी दर महिन्याला अंगाची स्थिती १ (अगदी रोड) ते ५ (लठ्ठ) मध्ये लिहा.

पान्हा

कार्यक्षमतेचा विषय निघालाच आहे तर माझाही एक हिशोब. आपण दुधातल्या दिवसांचंच गणित मांडतो. पण ४ किलो टीडीएन ती भाकड असतानाही खातेच. दोन वेतांतलं अंतर ४०० दिवसांचं ४८० झालं तर जास्तीच्या ८० दिवसांत ३२० किलो टीडीएन नुसतं जगण्यात गेलं. किलोभर दुधाला लागणाऱ्या ४५० ग्रॅमनं भागलं तर ७०० किलोहून जास्त दुधाचं खाद्य. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा सुन्न झाले होते. तेव्हापासून माज ओळखण्यावर मी खुराकाइतकंच लक्ष देते, पहाटे आणि रात्री उशिरा फेरी मारते, कारण म्हशीचा माज मुका असतो.

जुनादूधवाला

पान्हाताई, हे कुणी आम्हाला तरुणपणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या गोठ्यातल्या तिघी दीड-दीड वर्षानं व्यायच्या. उन्हाळ्यात तर माज दिसायचाच नाही.

कोठीपोट

उन्हाचं बरं आठवलंत. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. उष्णता बाहेर टाकण्यातच तिची ऊर्जा जाते, खाणंही घटतं. डुंबायला पाणी नसेल तर दुपारी अंगावर फवारा, दिवसभर गार पाणी, आणि वैरणीचा मोठा वाटा रात्री. वैरण पचताना जी उष्णता पोटात तयार होते ती रात्री सोसते.

कडबाकुट्टी

आणखी एक विचारतो. सातवी म्हैस परवा व्याली, अंगानं चांगली आहे, अंगाची स्थिती साडेतीनच्या आसपास. तिला लगेच ५ किलो आंबोणावर नेऊ का?

कोठीपोट

नको. व्यायल्यावर दूध झटकन चढतं, भूक सावकाश चढते. २ किलोपासून सुरू करा, दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा, चांगली कोवळी वैरण मनसोक्त. दुभतीगोठा यांचं बायपास फॅट इथं १०० ग्रॅम देऊन बघा, आम्ल न वाढवता आधार देतं. आणि रोज शांत बसलेली असताना रवंथ मोजा. एका घासाला ५० ते ६० चावे म्हणजे पोट ठीक चाललंय.

कडबाकुट्टी

आत्ताच गोठ्यातून आलो. २ किलो संपवून बसली आहे. तीन घास मोजले: ५१, ५४, ५२. उद्या संध्याकाळी पुन्हा मोजून अर्धा किलो वाढवतो.